सहावा कोन

पोहनकर मॅडमनी आधी चहा मागवला, तेव्हाच वैभव उमाठेला कळून चुकलं की बातमी वाईट आहे. चांगली असती तर बाईंनी ती दारातच सांगून टाकली असती आणि चहा मागाहून आला असता.

'ओंजळ' या संस्थेचं ते ऑफिस नागपुरात, वर्धा रोडच्या एका गल्लीत होतं. पोहनकर मॅडम तिथलं दत्तक खातं सांभाळत. बाई सज्जन होत्या, मुलांसाठी जीव टाकत. त्यांच्यासमोर वैभव आणि त्याची बायको प्रगती अशी दोघं बसली होती, आणि मागच्या खोलीत जुई नावाची चार वर्षांची मुलगी रंगीत खडूंनी फरशी रंगवत होती. गेले कित्येक रविवार ती या दोघांच्या घरी राहून जात होती. आज कागद पक्के व्हायचे होते.

"प्रगतीताई, तुमच्या स्वभावाचं वाचन फार सुंदर आलंय," मॅडम म्हणाल्या.

"आणि माझं?" वैभवने विचारलं.

मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. त्यावर एक षटकोन होता. पाच कोन भरलेले, आणि सहावा पार मध्यबिंदूला जाऊन चिकटलेला. खाली एक ओळ होती : 'कसोटीच्या प्रसंगी कुटुंबापासून दूर होण्याची शक्यता : अति उच्च.'

वैभव हसला. चांगला मोठ्यानं हसला. पुढे प्रगतीने त्याला सगळं माफ केलं असतं, पण हे हसणं तिच्या मनातून कधी गेलं नाही. तो तरी काय करणार? तो षटकोन त्याने स्वतःच्या हातानं काढलेला होता.

त्याचं असं झालं होतं. इंजिनीअरिंगला असताना वैभव आणि त्याचा जिवलग मित्र कृणाल धोटे यांना पात्रांच्या खेळाचं वेड लागलं. धरमपेठेत कृणालच्या घरी, माडीवर, पाच-सहा पोरं एका टेबलाभोवती जमत. एकजण सूत्रधार, तो गोष्ट सांगणार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होणार, कोणी तलवारबाज, कोणी वैदू, कोणी भामटा. पात्र काय करतं ते खेळाडूनं ठरवायचं आणि ते जमतं की फसतं ते फाशांनी. पण खेळायच्या आधी पात्र घडवावं लागे आणि त्यात अख्खी दुपार जाई. मोजके पॉइंट मिळत. ताकद वाढवायची तर अक्कल कमी करायची, अक्कल वाढवायची तर चपळाई कमी. सगळंच कोणाला मिळत नाही, ही त्या खेळातली मेख होती.

या खटाटोपावर उतारा म्हणून दोघांनी एक अ‍ॅप लिहिलं. नाव ठेवलं 'पात्रपेटी'. बोटानं कोन ओढायचे की पेटी हिशेब जुळवून पात्र तयार करून देई : चेहरा, गाव, खोड्या, सगळं. गुण होते पाच. ताकद, चपळाई, अक्कल, नजर, हिंमत. पण पाच गुणांचा पंचकोन वैभवला स्क्रीनवर लंगडा वाटायला लागला. षटकोन हवा, म्हणजे रुबाब येईल. सहावा गुण कुठला घालायचा यावर दोघं डोकं खाजवत असताना कृणालची आई चिवड्याचं ताट घेऊन आली. "माया टाक बे," कृणाल म्हणाला, "आईकडे पाहून."

माया टाकली. षटकोन झाला. फक्त त्या मायेचा फासा कधी टाकायचा हे ठरवायला कोणाला सुचलं नाही. खेळात तिचा उपयोग शून्य. मग काय, टेबलावर पायंडाच पडला : पहिल्याप्रथम माया विकायची आणि आलेले पॉइंट कामाच्या गुणांत घालायचे. नवा भिडू आला की त्याला शिकवण एकच, "माया विकली का? मग बस." वैभवने त्या वर्षांत डझनावारी पात्रं घडवली. बहुतेक ढालवाले. सगळ्यांच्या पुढे उभं राहून वार झेलणारे, मागच्या भिडूंना वाचवणारे. ढाल मजबूत व्हावी म्हणून त्याने दर खेपेला माया काढून टाकली होती, मुळापासून.

पुढे नोकऱ्या लागल्या, माडी सुटली. पात्रपेटी एका मोठ्या कंपनीने घेतली, तिचा जगभर बोलबाला झाला, आणि वैभव एका पॉलिटेक्निकमध्ये पोरांना प्रोग्रामिंग शिकवायला लागला. इथवर हरकत नव्हती.

पण त्या कंपनीत डॉ. शर्वाणी केतकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, आणि त्यांच्या हाताला एक विलक्षण गोष्ट लागली. माणसाला सरळ विचारा, 'तुम्ही प्रेमळ आहात का?' तो हो म्हणणार. त्यात लबाडी असतेच असं नाही. स्वतःविषयी आपल्याला जे वाटायला हवं तेच तो सांगतो. मात्र त्याच माणसाला मोजके पॉइंट द्या आणि म्हणा, एक खोटा माणूस घडव. आता त्याचं सगळं लक्ष खेळात असतं. पहारा उठलेला असतो. तो काय विकतो, कुठल्या क्रमानं विकतो, विकताना त्याचं बोट किती घुटमळतं, हे सगळं पेटी पहिल्या दिवसापासून टिपत होती. केतकरबाईंनी अशा हजारो लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. कोणी आजारी बापाला सोडलं, कोण पुरात शेजाऱ्यासाठी मागे फिरलं, कोण संसारातून उठून गेलं. खेळात जे पहिलं विकलं, आयुष्यात टंचाई आल्यावर तेच पहिलं सुटलं. कारणही साधं होतं. काहीतरी राखायचं तर काहीतरी सोडायचं, हे तोलण्याचा मेंदूतला तराजू एकच. त्याला खेळ आणि संसार यांतला फरक कळत नाही.

नवशिक्यांच्या बाबतीत हे यंत्र खरोखरच अचूक होतं. माया निरुपयोगी आहे हे त्यांना कुठे ठाऊक होतं? ते बिचारे मनापासून तोलत.

मग विवाहमंडळांनी पात्रांवरून केलेलं हे स्वभावाचं वाचन घेतलं, वृद्धाश्रमांनी घेतलं, आणि शेवटी 'ओंजळ'नेही. 'ओंजळ'ला तर कारणच तसं घडलं होतं. जुईला आधी एका जोडप्याने घरी नेलं होतं, आणि काही महिन्यांनी, जमत नाही म्हणून, परत आणून सोडलं होतं. पिशवीत कपडे भरून, हाताला धरून. त्यानंतर ती पोर कितीतरी दिवस बूट काढून झोपत नसे. पोहनकर मॅडमनी तेव्हाच ठरवलं की आता वाचन केल्याशिवाय मूल द्यायचं नाही. आणि वाचायची तीही जुनी पात्रं, कोणी पाहत नसताना केलेली. तीच सर्वांत खरी, असं शास्त्र सांगत होतं.

वैभवने हे सगळं मॅडमना समजावून सांगितलं. माडी, चिवडा, षटकोन. सांगता सांगता त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. पकडलेला माणूस अशाच चमत्कारिक हकिकती सांगतो.

"फेरविचाराचा अर्ज करा," मॅडम म्हणाल्या. "नव्यानं पात्र घडवून द्या."

तो पुढच्याच आठवड्यात संस्थेत जाऊन बसला. नवं पात्र घडवताना त्याने मायेचा कोन टोकापर्यंत ओढला. पेटीने क्षणात निकाल दिला : 'पाहणाऱ्यासाठी रचलेलं पात्र. ग्राह्य नाही.' त्याने पुन्हा प्रयत्न केला, या खेपेला बेताबेताने, थोडी माया, थोडी हिंमत. मग आपण बेताबेताने करतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि बोट थबकलं. पेटीने तेही टिपलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कृणाल मात्र खवळला. तो आता बांधकामाचे नकाशे करायचा, पण मनानं अजून सूत्रधारच होता. त्याने माडीवरच्या सगळ्या जुन्या भिडूंना गोळा केलं, सगळ्यांनी मिळून कंपनीला लिहिलं, आणि नवल म्हणजे डॉ. केतकर स्वतः व्हिडिओवर बोलायला तयार झाल्या. कृणालच्या घरी लॅपटॉपसमोर तिघं बसली, वैभव, प्रगती आणि कृणाल.

"तुमचं म्हणणं मला पटतंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "जुन्या खेळाडूंच्या बाबतीत यंत्र चुकू शकतं. त्यासाठी नवा अभ्यास करावा लागेल. त्याला दोन-तीन वर्षं जातील."

"तोपर्यंत आमच्या मुलीचं काय?" प्रगती म्हणाली.

बाईंनी वैभवकडे पाहिलं. "एक विचारू का, वैभव? तुमच्या टेबलावर सगळेच माया विकत होते ना? मी सगळ्यांची पात्रं पाहिली. बाकीच्यांचं बोट कुठे ना कुठे थोडं घुटमळलंय. कृणालनी तर तीन पात्रांना माया ठेवलेली आहे. तुमचं बोट एकदाही थांबलेलं नाही."

"अहो, विकायचीच होती ती! टेबलाचा नियमच होता तो!"

"असेल," बाई म्हणाल्या.

स्क्रीन बंद झाला. प्रगतीने कृणालकडे पाहिलं. "तुम्ही काहून ठेवली होती, भाऊजी?"

"अगं, गंमत म्हणून." कृणाल ओशाळला. "सगळ्यांनी विकली, म्हणलं एखाद्याजवळ असू दे. तू त्याचं काही मनावर घेऊ नको बाप्पा."

घरी परतताना प्रगती गाडीवर मागे बसली होती. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची, रस्त्यात दिसेल त्यावर बोलायची तिला सवय होती. त्या दिवशी अख्खा रस्ता गेला तरी ती बोलली नाही. दाराचं कुलूप काढताना म्हणाली, "एकदाही थांबला नाही तू? एवढ्या पात्रांत?"

"प्रगती, तो खेळ होता."

"माहीत आहे मला. मी फक्त विचारून राहिली."

त्यानंतर वैभव स्वतःवर पाळत ठेवायला लागला. मॅडमनी रविवार चालूच ठेवले होते; जुई आली की तिच्या हाकेला आपण किती चटकन उठतो, तिला उचलताना आपल्याला आतून काय वाटतं, की काहीच वाटत नाही, हे तो तपासून पाही. वाटायचं तर खूप. तिच्या केसांना येणारा खडूचा वास, ताटातली भेंडी वेचून त्याच्या ताटात टाकणं, "काका, तुमची दाढी टोचते" म्हणून ओरडणं आणि पुन्हा गाल पुढे करणं. जीव तुटायचा त्याचा. पण असं तपासायला गेलं की ते वाटणं तिथून नाहीसं व्हायचं. मुंगी दिसली म्हणून वाकावं आणि ती फटीत जावी, तसं.

अशाच एका रविवारी तिघं कॉलनीच्या बागेत गेली होती. जुई घसरगुंडीच्या शिडीवर उलट्या बाजूनं चढली आणि वरून ओरडली, "काका, पकडा!"

वैभव चार पावलांवर होता. तो धावणार इतक्यात त्याच्या मनात आलं, मी धावतोय तो तिच्यासाठी, की प्रगती पाहतेय म्हणून? बस, एवढंच. डोळ्याचं पातं लवावं इतका वेळ. जुई धपकन खाली आली. गुडघे सोलवटले, ओठ फुटला. रडणं सुरू व्हायच्या आधी तिने त्याच्याकडे पाहिलं. पिशवी भरून परत पाठवणाऱ्यांकडे तिने असंच पाहिलं असेल का, असं त्याला वाटून गेलं.

प्रगतीने तिला उचललं, रुमालानं ओठ पुसला. मग जुईच्या डोक्यावरून ती हळू आवाजात म्हणाली, "तू थांबला, वैभव."

"विचार करून राहिलो होतो."

"पोरगी पडून राहिली अन् तू विचार करून राहिला?"

एवढी वर्षं त्याचं बोट कधी थांबलं नव्हतं आणि नेमकं आता, थांबायचं नव्हतं तिथे, पाय थांबले. हे त्या षटकोनाने आपल्याला शिकवलं, असं ओरडून सांगावंसं त्याला वाटलं. पण सांगून पटणार कोणाला?

उन्हाळा लागला आणि पोहनकर मॅडमनी प्रगतीला एकटीला बोलावून घेतलं. ती दुपारी परत आली, पर्स टेबलावर टाकली, आणि कूलरसमोर उभी राहून एका दमात बोलत सुटली.

"त्या बाईला काही लाजच नाही. म्हणते, जुईला पाच वर्षं पूर्ण झाली की तिला इथे ठेवता येत नाही. मोठ्या मुलांच्या वसतिगृहात पाठवणार, तिकडे अकोल्याला. तिथून मुलं घरी जातच नाहीत म्हणे. मग म्हणते, तुम्ही एकटीनं अर्ज केला तर आजच्या आज मंजूर करते. माझं वाचन एवढं चांगलं आहे म्हणे. फक्त तू घरात नको. नुसता वेगळा पत्ता चालत नाही, कायद्यानं वेगळं व्हावं लागतं. अन् जुई मोठी होईस्तोवर तू तिला भेटायचं नाही. मी म्हटलं, तुम्हाला कळून राहिलं का तुम्ही काय बोलून राहिल्या ते?"

"मग?"

"मग काय? उठून आली." कूलरच्या गवतातून पाणी टपटपत होतं. "कृणालभाऊजींच्या वरची माडी रिकामीच आहे म्हणा सध्या," ती म्हणाली, आणि आपण हे का बोललो असं वाटून चटकन स्वयंपाकघरात गेली.

वैभव तिथेच बसून राहिला. त्याला राग आला नाही. आश्चर्य म्हणजे, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच डोकं स्वच्छ झालं होतं. पुढे उभं राहून वार कोणीतरी झेलायचा, मागची दोघं वाचायची. यात तोलायचं काय होतं? पोर दुसऱ्यांदा परत जाता कामा नये. ती एकदा परत गेली तर बूट घालून झोपली. दुसऱ्यांदा गेली तर काय करेल? त्याने स्वतःकडे पाहिलं, संसाराकडे पाहिलं, आणि जे काढून टाकल्याशिवाय बाकीचं तगत नव्हतं ते त्याला लगेच दिसलं.

तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. प्रगती पाठमोरी कणीक मळत होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी जातो."

तिचे हात थांबले. ती वळली नाही. त्याला वाटलं होतं ती रडेल, धावत येईल. ती पुन्हा कणीक मळायला लागली.

पुढचं सगळं विलक्षण भराभर झालं. दोघांच्या संमतीनं वेगळं व्हायला आता फारसा वेळ लागत नाही. कृणालने शिव्या घातल्या, "अबे, भांड ना जरा! कोर्टात जा, पेपरात दे, रस्त्यावर बस!" पण भांडणात महिने गेले असते आणि जुईजवळ महिने नव्हते. वैभवने दोन बॅगा भरल्या. ज्या माडीवर माया विकायची पद्धत पडली होती तिथेच त्याची गादी पडली, आणि कृणालची म्हातारी आई खालून ताट पाठवायला लागली.

शेवटच्या सह्यांच्या दिवशी तो 'ओंजळ'मध्ये गेला. जुईला त्या वेळी मुद्दाम बाहेर नेलं होतं. दोघांच्या सह्या झाल्या. पोहनकर मॅडमचे डोळे पाणावले होते. "मी समजू शकते," असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि संगणकात नोंद केली. स्क्रीनवर वैभवचा षटकोन उघडाच होता. त्याच्याखालची ओळ हलली. 'कुटुंबापासून दूर होण्याची शक्यता : अति उच्च' याच्यापुढे आपोआप दोन शब्द उमटले : 'अंदाज खरा.'

"हे काय?" वैभवने विचारलं.

"ते... आपोआप होतं," मॅडम गडबडून म्हणाल्या. "वाचन झालेल्यातलं कोणी वेगळं झालं की कंपनीकडे कळतं. त्यांच्या अभ्यासात धरतात. म्हणजे पुढच्या मुलांना उपयोग होतो."

म्हणजे तोही एक पुरावा झाला होता. उद्या असाच कोणी ढालवाला या खुर्चीत बसून माडीची आणि चिवड्याची हकिकत सांगेल, तेव्हा त्याला वैभव उमाठेचं उदाहरण दाखवतील. यंत्र म्हणालं तसा तो गेलाच की.

बाहेर फाटकापाशी प्रगती त्याच्या मागोमाग आली. तिनेही ते दोन शब्द वाचले होते. ऊन रणरणत होतं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि इतके दिवस धरून ठेवलेलं विचारून टाकलं.

"एक सांग, वैभव. मी फक्त सांगितलं होतं. जा म्हटलं नव्हतं. तू एवढ्या लवकर कसा तयार झाला?"

"जुईसाठी."

"ते मला समजतं रे. पण थोडा तरी थांबला असता. एक दिवस. भांडला असता, आदळआपट केली असती. तू तर कूलरसमोरून उठला अन् सांगून मोकळा झाला. जसं काही..." तिने वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. माझं बोट थांबत नाही ते माया नाही म्हणून नव्हे गं, कोणासाठी काय सोडायचं हे मला आधीच ठाऊक असतं म्हणून. हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण ते त्याला फार बेतलेलं वाटलं, पाहणाऱ्यासाठी रचलेलं, आणि ते तिथेच राहिलं.

आतून जुईच्या हाका ऐकू यायला लागल्या. ती बाहेरून परत आली होती आणि काकूला शोधत होती. प्रगती झपाट्यानं वळली आणि आत गेली. तिला क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

वैभव रस्त्याला लागला. मागे वळून पाहावं असं त्याला फार वाटत होतं आणि पाहायचं नाही हेही ठरलेलं होतं. आपण त्या पोरीसाठी चाललोय, असं तो पावलागणिक स्वतःला सांगत होता. बसथांबा आला तेव्हा मात्र त्याला खात्री उरली नव्हती, की आपण पोरीसाठी चाललोय, की नुसतेच चाललोय.